रन-फ्लॅट काढताय? मग आधी स्टेपनीचं बोलू

दोन टायर शेजारी शेजारी उभे करा. माप एकच, २२५/४५ आर १७. एक साधा ट्यूबलेस, दुसरा रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा. दोन्ही रिमवरून काढलेले, म्हणजे आत हवा नाही. आता साध्या टायरच्या माथ्यावर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा भार टाका. तो दबतो, बाजूंनी फुगतो, हात काढले की परत उठतो. हेच रन-फ्लॅटवर करून बघा. ढिम्म हलत नाही. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा टायर बसवणारा मुलगा हसून म्हणाला, "वर उभे राहा हवं तर." राहिलो. किंचित दबल्यासारखा वाटला, बस्स.

गाडीवाले रन-फ्लॅटला ज्याच्यामुळे वैतागतात तो हा ताठपणा, आणि गाडी बनवणाऱ्यांनी ज्याच्यासाठी तो बसवला तोही हाच. त्यामुळे साधे टायर घालण्याआधी ही ताठ भिंत नक्की कोणकोणती कामं करत होती ते बघून घ्यावं. नाहीतर भिंत निघून जाते, तिचं काम कोणाकडेच सोपवलेलं नसतं, आणि हे लक्षात येतं रात्री दीड वाजता रस्त्याच्या कडेला.

गाडी हवेवर उभी असते

गाडीचं वजन टायर पेलतो असं आपण म्हणतो. बहुतेक भार पेलते ती आतली हवा. रबर, धागे आणि तारा ही त्या हवेला धरून ठेवणारी मजबूत पिशवी. हिशोब करून बघू. गाडी १,६०० किलोची धरा, म्हणजे एका चाकावर साधारण ४०० किलो. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. ४०० ला २.३ ने भागलं की १७०-१७५ चौरस सेंटिमीटर येतात. मोठ्या माणसाच्या उघड्या पंजाएवढी जागा. प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते ढोबळमानाने एवढंच.

हवा गेली की हा हिशोबच मोडतो. साध्या टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, दुमडते. वरून रिमची कड तिच्यावर बसते आणि चाकाच्या दर फेऱ्याला तिला चेपत, कापत जाते. अशा अवस्थेत गाडी थोडं अंतर जरी रेटली तरी टायर कामातून जातो, आणि आणखी रेटली तर रिमसुद्धा.

रन-फ्लॅटच्या साइडवॉलमध्ये आतल्या बाजूने चंद्रकोरीच्या आकाराचा जाड रबराचा थर असतो. मधे जाड, वर-खाली निमुळता. हवा असेपर्यंत तो बऱ्यापैकी मोकळा असतो. हवा गेली की खांबासारखा उभा राहून गाडी पेलतो. हे रबर साधं चालत नाही, त्याला उष्णता सोसावी लागते. तार तोडायची असली की आपण ती एकाच जागी मागेपुढे वाकवतो. तुटायच्या आधी ती जागा हाताला चटका देते. टायरच्या भिंतीचं तसंच होतं. वर दिलेल्या मापाच्या टायरचा घेर जवळजवळ दोन मीटर, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. ताशी ८० किलोमीटरने सेकंदाला ११ वेळा तीच जागा वाकते आणि सरळ होते. ८० किलोमीटर गाठेपर्यंत ४०,००० वेळा.

ही ८०ची जोडी मी उगीच घेतलेली नाही. बहुतेक रन-फ्लॅट टायरची मर्यादा हीच सांगितली जाते: हवा पूर्ण गेल्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आत, साधारण ८० किलोमीटर अंतर. गाडी माणसं आणि सामान भरून ठासलेली असेल, ऊन कडक असेल, रस्ता खराब असेल तर त्याहून कमी. तेवढ्या वाटचालीनंतर टायर उघडला की आत काळा भुगा सांडतो, खरवडलेल्या रबराचा. भुगा दिसला की तो टायर परत वापरायचा नाही, बाहेरून कितीही कोरा दिसो.

टायरशिवाय या व्यवस्थेत आणखी तीन भिडू आहेत. पहिली रिम. हवा नसताना वळणावर टायरची कड रिमवरून घसरू नये म्हणून रिमच्या आतल्या अंगाला नेहमीपेक्षा उंच असे दोन उंचवटे काढलेले असतात. अशा रिमवर 'ईएच२' असा शिक्का असतो. दुसरा, हवेचा दाब कळवणारा इशारा, म्हणजे टीपीएमएस. त्याची गरज का, तर हवा गेलेला रन-फ्लॅट नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. उभाच्या उभा असतो. इशारा नसेल तर माणूस आरामात ताशी १२०ने जात राहील आणि टायर आतून भाजत राहील.

तिसरा भिडू म्हणजे नसलेली स्टेपनी. डिकीच्या तळाशी जिथे जादा चाक असायचं तिथे आता बॅटरी आहे, नाहीतर थर्माकोलचा ट्रे, किंवा तो खड्डाच नाही. स्टेपनी गेली कुठे? गेली नाही; तिचे चार भाग करून ती चारी टायरच्या भिंतींत घातली. साधे टायर घालणं म्हणजे गाडीतून स्टेपनी काढून टाकणं. या लेखात सांगायचं मुख्य ते एवढंच, बाकी तपशील.

(स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला करून टाकलाय की तो एका रस्त्याचं नाव आहे हे विसरायला होतं. वेल्समधल्या लानेथली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास तिथूनच जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या काळच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. म्हणजे शंभर वर्षांत आपण फिरून त्याच जागी आलो.)

आधी, तुमचे टायर खरंच रन-फ्लॅट आहेत का?

स्टेपनी नाही म्हणजे टायर रन-फ्लॅट, असा तर्क करू नका. हल्ली कितीतरी गाड्या साधे टायर आणि पंक्चरची बाटली, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घेऊन येतात. टायरची भिंत वाचा. ब्रिजस्टोन 'आरएफटी' लिहितं, मिशेलिन 'झेडपी', काँटिनेंटल 'एसएसआर', गुडइयर 'आरओएफ', डनलॉप 'डीएसएसटी'. बीएमडब्ल्यूच्या टायरवर गोलात 'आरएससी' असतं. मर्सिडीजसाठी बनवलेल्या टायरवर 'एमओ' असेल तर तो साधा, 'एमओई' असेल तर रन-फ्लॅट. एका अक्षराचा खेळ. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्या टायरवरची चांदणीची खूण मात्र दोन्ही प्रकारांवर सापडते, तिच्यावरून काही ठरत नाही. मापातच 'आर'च्या जागी 'आरएफ' दिसलं, तरी तो रन-फ्लॅट.

एक दुर्मीळ अडचण आहे. मिशेलिनने 'पॅक्स' नावाची वेगळीच पद्धत काढली होती. तिच्यात भिंत ताठ नसून रिमवर आतून एक कडं बसवलेलं असायचं आणि हवा गेली की टायर त्या कड्यावर टेकायचा. त्याची रिमच निराळी, तिच्यावर साधा टायर बसत नाही. जुन्या गाडीत असं निघालं तर टायरबरोबर चारही रिम बदलाव्या लागतात.

नेहमीच्या ताठ भिंतीच्या रन-फ्लॅटची तशी अडचण नाही. ईएच२ रिमवर साधा टायर चालतो. उंचवट्यामुळे चढवताना-उतरवताना जरा जास्त झटापट होते, एवढंच. उलटा प्रवास मात्र करू नये: साध्या रिमवर रन-फ्लॅट चढेल, पण हवा गेल्यावर कड जागेवर राहील याची खात्री नाही.

लोक का काढतात, आणि त्यातलं खरं किती

टायर हा गाडीचा पहिला स्प्रिंग. खड्डा आला की आधी टायरची भिंत दबते, मग उरलेला धक्का सस्पेन्शनकडे जातो. भिंतच ताठ असली की पहिला स्प्रिंग रजेवर गेल्यासारखा. शिवाय रन-फ्लॅट वजनाला जड, आणि चाकाचं वजन हे सस्पेन्शनच्या खालचं वजन. ते वाढलं की चाक उसळीनंतर पटकन रस्त्याला परत टेकत नाही. मोठ्या खड्ड्यापेक्षा बारीक खडबडीत, जोड असलेल्या रस्त्यावर हा फरक जास्त जाणवतो. ती सततची कचकच, डॅशबोर्डचा बारीक खडखडाट, मागे बसलेल्याची कुरकुर.

साधे टायर घातल्यावर हे कमी होतं, यात शंका नाही. पण ऐकलेल्या वर्णनांतून थोडं वजा करा. माणूस टायर बदलतो तेव्हा जुने रन-फ्लॅट चार-पाच वर्षांचे, नक्षी झिजलेले, रबर कडक झालेलं असे असतात. त्यांची तुलना कोऱ्या करकरीत साध्या टायरशी होते. मग "गाडी लोण्यासारखी झाली" असं वाटणारच. कोरे रन-फ्लॅट घातले असते तरी काही प्रमाणात वाटलं असतं. आणि हल्लीचे रन-फ्लॅट पहिल्या पिढीइतके दगडी राहिलेले नाहीत. १९९७च्या शेव्हरोले कॉर्व्हेटने स्टेपनीच काढून टाकून रन-फ्लॅट दिले, त्यानंतर बीएमडब्ल्यूने ते सरसकट बसवायला घेतले, तेव्हाचे आणि आजचे टायर यांत बराच फरक पडला आहे.

गाडी कशी बनवली आहे यावरही अवलंबून आहे. रन-फ्लॅट गृहीत धरून बनवलेल्या गाडीचं सस्पेन्शन त्या ताठ भिंतीशी जुळवलेलं असतं. साधा टायर घातला की स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी वळायला किंचित उशीर केल्यासारखं वाटतं. भिंत आधी थोडी तिरपी होते, मग चाक वळतं. काहींना ही सैलाई आवडत नाही. बहुतेकांना आठवड्यात सवय होते.

दुसरी तक्रार दुरुस्तीची, आणि ती मला आरामापेक्षा वजनदार वाटते. साध्या टायरच्या नक्षीच्या मधल्या भागात खिळा गेला तर टायर उतरवून आतून पॅच लावला की काम झालं. रन-फ्लॅट बिनहवेचा चालला असेल तर आतली भिंत कितपत भाजली हे बाहेरून कळत नाही. म्हणून काही कंपन्या दुरुस्तीला सरळ नाही म्हणतात, काही अटी घालून हो म्हणतात. परिणाम असा की दोन मिलिमीटरच्या खिळ्यापायी पूर्ण टायर टाकावा लागतो. तो महागही आणि हव्या त्या मापात लगेच मिळेलच असंही नाही. ८० किलोमीटरची सोय आहे, पण ८० किलोमीटरच्या आत तुमच्या मापाचा रन-फ्लॅट कोणाकडे तयार नसेल तर गाडी तिथेच राहते.

तिसरी गोष्ट रिमची. ताठ टायर खोल खड्ड्यात आदळला की जो धक्का भिंतीने गिळायचा तो रिमकडे जातो, आणि अलॉयची रिम वाकते किंवा तिला तडा जातो. साध्या टायरनेही हे होतंच, विशेषतः भिंत बुटकी असेल तर. ३५ प्रोफाइलचा, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्केच असलेला टायर साधा आहे म्हणून खड्डे झेलेल, अशी समजूत नको.

आणि जे जातं

रन-फ्लॅटच्या नावाने बोटं मोडणारे त्याचा खरा गुण सहसा सांगत नाहीत. स्टेपनी न लागणं ही सोय झाली. खरा गुण आहे तो हवा झपाट्याने जाते त्या क्षणाचा. वेगात पुढच्या साध्या टायरची हवा एकदम गेली की गाडी त्या बाजूला ओढते, मागच्याची गेली की शेपूट हलवते. रन-फ्लॅटवर भिंत उभी राहते, स्टिअरिंग थोडं जड लागतं, दिवा पेटतो, तुम्ही वेग कमी करता. रहदारीच्या हमरस्त्यावर, वळणात, पावसात हा फरक फार मोठा आहे. आणि त्यानंतर भरधाव ट्रकांच्या कडेला वाकून जॅक लावावा लागत नाही.

म्हणून माझं मत विचारलं तर: जो रात्री-अपरात्री एकटा लांब जातो, ज्याला कंबरेमुळे किंवा वयामुळे चाक बदलणं जमणार नाही, आणि ज्याच्या डिकीत जादा चाकाला जागा नाही, त्याने चांगल्या नव्या पिढीचे रन-फ्लॅटच परत घालावेत आणि थोडी कचकच सहन करावी. ज्याची गाडी बहुतेक शहरात फिरते, रस्ते खराब आहेत, मदत हाकेच्या अंतरावर आहे, त्याने खुशाल बदलावेत.

बदलताना

चारही एकदम बदला. पुढे साधे, मागे रन-फ्लॅट असं अर्धंमुर्धं ठेवलं तर गाडीची दोन टोकं वेगवेगळ्या तऱ्हेने वळतात, आणि स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चारी चाकं सारखी वागतील असं धरून चाललेली असते. एकाच ॲक्सलवर एक असा नि एक तसा, हे तर कधीच नाही.

माप तेच ठेवा. मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षर दुर्लक्षू नका. '९१ व्ही' लिहिलं असेल तर ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार, 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. ९४ म्हणजे ६७० किलो, ९५ म्हणजे ६९०. 'एच' म्हणजे ताशी २१०, 'डब्ल्यू' म्हणजे २७०. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत जे दिलंय त्याच्याइतका किंवा त्याहून वरचा आकडा हवा, खालचा नको. जुना रन-फ्लॅट 'एक्सएल' म्हणजे जादा भाराचा असेल, तर त्याच मापाचा साधा टायर कमी भाराचा निघू शकतो. गडबड होते ती इथे. आणि बनवल्याची तारीख बघा: भिंतीवर चार आकडे असतात, '२३२४' म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा.

हवा किती भरायची? सुरुवात पट्टीवरच्या आकड्यापासून करा, टायर थंड असताना. "साधा टायर मऊ असतो, म्हणून चार पीएसआय जास्त भरा" असा सल्ला हमखास मिळतो. भार आणि माप तेच असेल तर त्याला आधार नाही; जास्त हवेने टायर मधोमध झिजतो आणि ज्या आरामासाठी खटाटोप केला तोच जातो. कमी भरायचा मोह त्याहून वाईट. रन-फ्लॅटमध्ये भिंतीचाही थोडा हातभार असतो, त्यामुळे हवा जराशी कमी असली तर तो निभावून नेतो. साधा टायर नेत नाही, बाजूंनी झिजतो आणि तापतो. पूर्वी दोन महिन्यांनी हवा बघत असाल तर आता पंधरवड्याला बघा.

टीपीएमएस काढायचा किंवा बंद करायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत २००७च्या सप्टेंबरपासून आणि युरोपीय संघात २०१४च्या नोव्हेंबरपासून तो सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचा आहे, टायर कोणताही असो. चाकात सेन्सर असलेली पद्धत असेल तर टायर उतरवले आहेत तोवर सेन्सरचं वय विचारा. आतली बॅटरी काही वर्षांनी संपते आणि तेवढ्यासाठी परत टायर उतरवावा लागतो. व्हॉल्व्हचं सील बदलून घ्या. दुसरी पद्धत एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचे फेरे मोजणारी: हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून ती ओळखते. तिला नवे टायर बसवल्यावर, हवा नीट भरून, नव्याने शिकवावं लागतं. मेन्यूमध्ये रीसेटचा पर्याय असतो. तो विसरला की एक तर खोटा इशारा येत राहतो किंवा खरा येतच नाही.

विमा कंपनीला एक ओळ लिहून ठेवा. गाडी लीजवर असेल तर आधी परवानगी, मग टायर. परत देताना मूळ प्रकारचेच टायर मागितले जाऊ शकतात.

आता स्टेपनीचं

पर्याय तीन, आणि प्रत्येकात कुठेतरी पाचर आहे.

बाटली आणि कॉम्प्रेसर सगळ्यात सुटसुटीत. टायरमध्ये चिकट द्रव सोडायचा, हवा भरायची, थोडं चालवायचं म्हणजे द्रव आत पसरून भोक बुजवतो. नक्षीतल्या चार ते सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला हे चालतं. साइडवॉलला चीर गेली, टायर फुटला, रिम वाकली, तर बाटली डिकीतच राहू द्या. द्रवाला मुदत असते, बाटलीवर छापलेली. उन्हात तापणाऱ्या डिकीत ती विसरली जाते आणि ऐन वेळी आत गोठलेला गोळा निघतो. द्रव घातल्यावर वेग कमी ठेवून थेट टायरवाल्याकडे जायचं आणि पहिल्या वाक्यात त्याला सांगायचं की आत द्रव आहे. नाहीतर टायर उघडल्यावर त्याच्या कपड्यांचं जे होतं ते बघवत नाही. सेन्सरचं तोंडही त्याने बुजू शकतं.

दुसरा पर्याय नक्षीत बाहेरून खुपसायच्या चिकट वाताचा. सवय असणाऱ्याला दहा मिनिटांचं काम, आणि बाटलीपेक्षा मला हा बरा वाटतो. पण ही तात्पुरती डागडुजी. पक्की दुरुस्ती आतून पॅच लावूनच.

तिसरा पर्याय बारीक चाकाची स्टेपनी, स्पेस-सेव्हर. तिच्यात हवा बहुधा ६० पीएसआय लागते, वेगाची मर्यादा ताशी ८०. घेताना तीन गोष्टी प्रत्यक्ष लावून बघा, कागदावर नाही. रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही ना, बोल्टची वर्तुळं आणि मधलं भोक जुळतं ना, आणि चाकाचा एकूण व्यास बाकीच्यांच्या जवळपास आहे ना. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत व्यासाचा फरक गिअरच्या भागांना सोसवत नाही. डिकीत खड्डा नसेल तर चाक पट्ट्यांनी घट्ट बांधा. अपघातात मोकळं चाक सीटच्या पाठीवर आदळतं.

रन-फ्लॅटच्या गाडीत जॅक आणि पान्हा नसतातच बहुतेकदा. ते वेगळे घ्यावे लागतात, आणि जॅक गाडीखालच्या त्याच्या ठरलेल्या जागेला बसणारा हवा. मी हे सगळं जमवलं होतं. स्टेपनी, जॅक, पान्हा, हातमोजे, विजेरी. पहिलं पंक्चर झालं तेव्हा कळलं की एक बोल्ट कुलपाचा आहे आणि त्याची किल्ली टायर बसवताना कारखान्यातच राहिली. दोन तासांनी ती आली. मग बोल्ट निघाले, पण चाक निघेना. रिम हबला गंजून चिकटलेली. शेवटी बोल्ट परत अर्धवट लावले, गाडी जॅकवरून उतरवली, जागच्या जागी हलवली, तेव्हा कट्‌ असा आवाज होऊन ते सुटलं. बोल्ट अर्धवट लावणं महत्त्वाचं, नाहीतर चाक सुटून पायावर येतं. आणि ज्या गाड्यांना नटाऐवजी बोल्ट असतात त्यांत नवं चाक लावताना ते टांगायला खुंटीच नसते. एका हाताने चाक उचलून दुसऱ्या हाताने बोल्टचं भोक शोधायचं. दहा सेंटिमीटरची एक मार्गदर्शक सळई मिळते, ती घेऊन ठेवा. आणि हे सगळं एकदा घरी, उजेडात, सपाट जागेवर करून बघा. मी तेवढंच केलं नव्हतं.

टायर बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर बेताने चालवा. कोऱ्या नक्षीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, तो झिजेपर्यंत पकड पुरी नसते. ब्रेक दाबल्यावर गाडी कशी थांबते, वळणात कशी झुकते याचा अंदाजही तेवढ्यात येतो.

गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल तर त्याला बसवून सांगा की दिवा पेटला तर पूर्वीसारखं "जाऊ आता घरापर्यंत" चालणार नाही. सुरक्षित जागा दिसताच थांबायचं. मी दाराच्या चौकटीवरच्या हवेच्या पट्टीखाली एक चिठ्ठी चिकटवली आहे: "टायर साधे आहेत. स्टेपनी डिकीत. किल्ली हातमोज्यात." गाडी विकायची वेळ आली की ती चिठ्ठी तशीच ठेवणार आहे. घेणारा माहितीपुस्तिका वाचेल, तिथे रन-फ्लॅट लिहिलेलं असेल, आणि पहिल्या पंक्चरला तो ८० किलोमीटरच्या भरवशावर निघेल.